पत्ता बदलला तरी माणूस सुटू नये

भिवंडी तालुक्यातले दापोडे हे गाव पूर्वी भातशेतीचे. माणकोली, अंजूर, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या आसपासच्या गावांप्रमाणे तेही आता गोदामांच्या पट्ट्यात गणले जाते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवण्याची सोय म्हणून या भागात गाळे उभे राहू लागले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत. घरपोच खरेदी वाढली तशी ती आणखी पसरली. कंटेनर रिकामे करणारे, खोकी रचणारे, टेम्पो चालवणारे, रात्री राखण करणारे बहुतेक सगळे पुरुष आहेत आणि त्यांतले पुष्कळसे बाहेरगावचे. काही किलोमीटरवर भिवंडी शहर आणि तिथले यंत्रमाग. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सात लाखांवर होती आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सातशेच्या थोड्या वर. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून एकट्याने कामाला आलेल्या पुरुषांमुळे हे प्रमाण इतके कलले. पुरुषांच्या आणि मुलग्यांच्या आरोग्याचा दीर्घकालीन राष्ट्रीय अभ्यास भारतात करायचा असेल, तर त्याची आखणी दिल्लीतल्या एखाद्या नमुना-यादीपासून सुरू न होता दापोडे-भिवंडीसारख्या ठिकाणापासून व्हावी, असे मला वाटते. ही प्रस्तावना त्याच एका म्हणण्यासाठी आहे. जो माणूस अशा अभ्यासातून सर्वांत आधी निसटेल, त्याला धरून आराखडा केला तरच बाकीच्यांबद्दलची उत्तरेही खरी येतील.

अशा अभ्यासाची गरज आकडेच सांगतात. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१६-२० च्या तक्त्यानुसार भारतात जन्माच्या वेळचे आयुर्मान पुरुषांचे ६८.६ वर्षे आणि स्त्रियांचे ७१.४ वर्षे होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ मध्ये १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या. त्यांतले सुमारे ७२ टक्के पुरुष होते, रोजंदारीवर जगणारे एकूण संख्येच्या चौथ्या हिश्शाहून अधिक होते, आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत पुरुषांमधले क्षयाचे प्रमाण स्त्रियांच्या दुपटीहून अधिक निघाले. तंबाखूच्या २०१६-१७ च्या पाहणीत देशातले ४२.४ टक्के पुरुष आणि १४.२ टक्के स्त्रिया तंबाखूचे सेवन करताना आढळल्या. हे सगळे आकडे एका क्षणाचे आहेत. किती पुरुष आजारी आहेत, किती गेले, हे त्यांतून कळते. पण चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला मुलगा, विसाव्या वर्षी मागावर उभा राहिलेला तरुण, पस्तिशीत खोकला घेऊन गावी परतलेला माणूस आणि पंचेचाळिशीत दगावलेला बाप हा एकच माणूस आहे, हे त्यांतून कळत नाही. त्याच्या आयुष्यात नेमके कधी काय केले असते तर तो वाचला असता, हे समजायला त्याच माणसाकडे दर काही वर्षांनी परत जावे लागते. दुसरा मार्ग नाही.

जगात याचा सर्वांत जवळचा नमुना ऑस्ट्रेलियात आहे. तिथे २०१० मध्ये राष्ट्रीय पुरुष आरोग्य धोरण आले आणि त्याचा भाग म्हणून 'टेन टू मेन' हा अभ्यास उभा राहिला. २०१३-१४ मध्ये मेलबर्न विद्यापीठाने १० ते ५५ वयाचे सुमारे १६ हजार मुलगे आणि पुरुष त्यात सामील करून घेतले. पुढे हे काम ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ फॅमिली स्टडीजकडे गेले. मन, शरीर, काम, नाती, व्यसने, डॉक्टरकडे जाण्याची सवय, सगळे त्यात विचारले जाते. आपल्याकडच्या आराखड्यासाठी मात्र त्याच्या यशापेक्षा त्याच्या मर्यादा जास्त शिकवणाऱ्या आहेत. ज्यांना बोलावले त्यांतले सुमारे ३५ टक्केच सामील झाले. दुर्गम प्रदेश खर्चामुळे नमुन्यातून आधीच वगळले होते. २०१५-१६ च्या दुसऱ्या फेरीत सुमारे १२ हजार जण उरले आणि २०२०-२१ च्या तिसऱ्या फेरीत सुमारे ८ हजार. सात वर्षांत निम्मे हातातून गेले, तेही टपाल, दूरध्वनी आणि पत्त्यांची व्यवस्था चोख असलेल्या श्रीमंत देशात. गळती सगळीकडे सारखी होत नाही. तरुण, भाड्याने राहणारे, नोकरी बदलणारे, दारूत अडकलेले पुरुष आधी गळतात. मागे उरतात ते स्थिर, शिकलेले, बऱ्या तब्येतीचे. मग अभ्यास जितका लांबतो तितके त्यातले पुरुष निरोगी दिसू लागतात. आकडेशास्त्राने वजने लावून ही चूक काही प्रमाणात सावरता येते, पण जो माणूस मुळातच नमुन्यात नव्हता त्याला कोणतेही वजन लावता येत नाही.

आपल्या राज्याला अशा कामाची परंपरा नाही असे कोणी समजू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. गर्भवतींचा आहार मोजला, बाळे जन्मली तशी त्यांचीही मोजमापे घेतली आणि सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी त्याच मुलांना पुन्हा तपासले. आपली बाळे वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त घेऊन जन्मतात, हा आता जगभर मान्य झालेला निष्कर्ष या गावांतून निघाला. पण इथे मला दुसरा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. अठराव्या वर्षी या मुलांची रक्तशर्करा तपासली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळल्या. ही लठ्ठ मुले नव्हती. खेड्यातली सडपातळ पोरे होती ती. ज्यांची साखर अठराव्या वर्षी वाढलेली दिसली, त्यांची ती सहाव्या वर्षीच इतरांपेक्षा थोडी वर होती. एकदाच केलेल्या पाहणीत हा धागा कधीही हाती लागला नसता. मुलग्यांमध्ये हे प्रमाण दुप्पट का, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून यायचे आहे, आणि ते सहा गावांतून येणार नाही. त्यासाठी देशव्यापी नमुना लागेल.

दुसरे उदाहरण मुंबईचे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मुंबई शहरातल्या पस्तीस वर्षांवरच्या सुमारे दीड लाख लोकांची तंबाखूविषयी नोंद केली आणि पुढे कोण जगले, कोण गेले याचा मागोवा घेतला. विडी ओढणाऱ्या पुरुषांना मृत्यूचा धोका तंबाखू न घेणाऱ्यांच्या सुमारे १.६४ पट आणि सिगारेट ओढणाऱ्यांना १.३७ पट असल्याचे त्यातून दिसले. विडी साधी आणि म्हणून सौम्य, ही समजूत तिथे मोडली. इतक्या मोठ्या शहरात माणसे शोधायची कशी, हा प्रश्न त्यांनी मतदार यादीने सोडवला. त्या कामासाठी ती योग्य निवड होती. पण आज तीच यादी भिवंडीत वापरली तर काय होईल, हे पाहण्यासारखे आहे. मागावर काम करणाऱ्या कितीतरी कारागिरांचे मत त्यांच्या मुलखात आहे. यादीत त्यांचे नाव आझमगड किंवा मऊ जिल्ह्यातल्या गावी असते आणि माणूस भिवंडीत. तिकडे शोधायला जाणारा म्हणेल, परगावी आहे. इकडे शोधणाऱ्याकडे त्याचे नावच नसेल.

ही अडचण एका यादीपुरती नाही. आपल्या बहुतेक मोठ्या पाहण्या घर हा पाया धरून चालतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पहिल्या दोन फेऱ्यांत पुरुषांना विचारलेच नव्हते. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून ते देशपातळीवर त्यात आले. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या आणि १,०१,८३९ पुरुषांच्या, कारण पुरुषांची प्रश्नावली फक्त १५ टक्के घरांत नेली होती. त्या पाहणीचा मूळ हेतू जनन आणि माता-बाल आरोग्य हा आहे, त्यामुळे यात दोष काढण्यासारखे काही नाही. पण पुरुष तिथे येतो तो मुख्यतः नवरा म्हणून, आणि येतो तो घरात सापडला तर. गोदामाच्या माळ्यावर, मागाच्या खोलीत, आठ-दहा जणांनी पाळीपाळीने वापरायच्या भाड्याच्या खोलीत झोपणाऱ्याला घर म्हणून कोण मोजणार? दिवसपाळीचा माणूस उठतो तेव्हा रातपाळीचा त्याच जागेवर आडवा होतो. सकाळी अकरा वाजता दार वाजवणाऱ्या पाहणी करणाऱ्याला तिथे एक तर झोपलेली माणसे भेटतील, नाहीतर कुलूप.

आता मुख्य मुद्दा. समजा, या अडचणी पार करून दापोड्याच्या गोदामांत आणि भिवंडीच्या मागांवर आपण आजच्या आज सगळ्या पुरुषांची तपासणी केली. उत्तर बहुधा दिलासा देणारे येईल. काटक शरीरे, बरा रक्तदाब, आजार थोडे. हे उत्तर फसवे असेल. इथे पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊ शकणाराच टिकतो. मागावर मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. ज्याचा हात मंदावला त्याची कमाई आटते, ज्याने आठ दिवस अंथरूण धरले त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. आजारी माणूस इथे साठून राहत नाही, तो गावी जातो. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट जगभर ठाऊक आहे: कामावर सापडणारे लोक सामान्य लोकसंख्येपेक्षा निरोगी दिसतात, कारण आजाऱ्यांना काम आधीच बाहेर टाकते. स्थलांतरित कामगाराच्या बाबतीत हा आभास दुप्पट होतो. काम त्याला बाहेर टाकतेच, त्याबरोबर शहरही टाकते. रोग भिवंडीत जडतो, नोंद झालीच तर आझमगडात होते, आणि दोन्हींचा संबंध कोणत्याही वहीत लागत नाही.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. मुंबईच्या गिरणगावात रत्नागिरी, सातारा, कोल्हापुरातून आलेले पुरुष गाळ्यांत राहत, खाणावळीत जेवत, गावी मनीऑर्डर करत आणि छाती बिघडली की बोटीने किंवा एसटीने गावी जात. कोकणातल्या घरांच्या पडव्यांत कापसाच्या धुळीने किती फुप्फुसे झिजली, याचा हिशेब मुंबईच्या गिरण्यांनी कधी ठेवला नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा पाच वर्षे मागोवा घेऊन १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते फार मोलाचे काम होते. पण त्यानंतर लगेचच १९८२ चा संप झाला, गिरण्या मोडल्या आणि मुंबईचे विणकाम भिवंडीसारख्या ठिकाणच्या छोट्या छोट्या कारखान्यांत विखुरले. संघटित गिरणीत निदान हजेरीपत्रक होते, दवाखाना होता. विखुरलेल्या मागांवर तेही राहिले नाही. एक पिढी अशी मोजल्यावाचून गेली. दुसरीही तशीच जाऊ द्यायची का, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

म्हणून आराखड्याचा पहिला नियम असा हवा: नोंद माणसाची व्हावी, घराची नव्हे, आणि प्रत्येक माणसाचे दोन पत्ते पहिल्याच दिवशी घ्यावेत, कामाचा आणि गावचा. गावच्या पत्त्यावर पथक आधीच तयार असावे. भिवंडीत नोंदलेला माणूस दुसऱ्या फेरीत सापडला नाही, तर त्याच आठवड्यात त्याच्या जिल्ह्यातल्या सहकाऱ्याला निरोप जावा. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आजवर नव्वद टक्क्यांहून अधिक हयात सहभागींना धरून आहे. त्याचे एक साधे कारण असे की, माणूस जगात कुठेही गेला तरी अभ्यास त्याच्या येण्याजाण्याचा खर्च करून त्याला तपासणीसाठी बोलावून घेतो. आपल्याला माणसाला बोलवायची गरज नाही. त्याची गाडी कुठे जाते ते आपल्याला माहीत आहे. आपण तिथे पोचायचे.

नमुना काढण्याची जागाही बदलावी लागेल. भिवंडीत एकट्या कारागिरांची जेवणाची सोय बिशीत असते. महिन्याचे पैसे भरायचे आणि दोन वेळ जेवायचे. बिशीवाल्याच्या वहीत कोण किती दिवस जेवला, कोण गावी गेला, कोण परत आला, याची नोंद असते. कुणी महिनाभर आजारी पडला तर ते बहुधा डॉक्टरच्या आधी बिशीवाल्याला कळते. घरांच्या यादीऐवजी बिशा, मागांचे कारखाने, गोदामे, नाके, टेम्पोतळ अशा जागांची यादी करून, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी तिथे येणाऱ्यांतून सहभागी निवडण्याची पद्धत संशोधनात नवी नाही. तपासणी पाळी बदलताना व्हावी, म्हणजे मजुरी बुडणार नाही. बुडालीच तर ती भरून द्यावी. घरांवर आधारित नमुना इतर भारतासाठी ठेवायचाच आहे. दोन्ही नमुने एकमेकांना जोडताना एकाच माणसाची दोनदा गणना होऊ नये याची काळजी घ्यावी लागेल, आणि ते गणित अवघड असले तरी सुटणारे आहे.

प्रश्नही इथल्या जगण्यातून आले पाहिजेत. मागावरच्या माणसाला 'तब्येत कशी आहे' असे विचारले तर 'ठीक' हेच उत्तर मिळेल. गेल्या महिन्यात किती खाडे झाले, त्यातले आजारपणाचे किती, आजारी असताना किती दिवस काम केले, हे विचारले तर खरी माहिती निघेल. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगाचे जुने लक्षण म्हणजे सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे. इंग्लंडमधल्या गिरण्यांसाठी तयार झालेल्या प्रश्नावलीत हा दिवस सोमवार आहे. ज्या मागांना शुक्रवारी सुटी असते तिथे तोच प्रश्न शनिवारविषयी विचारावा लागेल, नाहीतर रोग असून नसल्यासारखा नोंदला जाईल. तंबाखूचेही तसेच. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले ३५.५ टक्के पुरुष तंबाखू घेणारे निघाले, पण धूम्रपान करणारे फक्त ६ टक्के. दिवसाला किती सिगारेटी, या प्रश्नाभोवती रचलेली पाश्चात्त्य प्रश्नावली इथल्या मळलेल्या तंबाखूला आणि पुडीला हातही लावू शकत नाही. मनाच्या आजाराविषयी विचारताना अधिक जपावे लागेल. उदास वाटते का, असे विचारून एकटा राहणारा पुरुष क्वचितच बोलेल. झोप, भूक, डोक्यावरचे कर्ज, शेवटचे गावी केव्हा जाऊन आलात, गावाकडच्या फोननंतर कसे वाटते, अशा वाटेने गेले तर तो बोलतो. विचारणाराही त्याची बोली जाणणारा हवा: भोजपुरी, अवधी, तेलुगू. ऐकण्याची चाचणी, फुंकून फुप्फुसांची ताकद मोजणे, रक्तदाब, रक्तशर्करा, हिमोग्लोबिन, वजन आणि मुठीची पकड इतके केले तरी पुष्कळ. मागांच्या खडखडाटात बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाचे कान कोणत्या वर्षी जाऊ लागतात, एवढे एक कळले तरी कानाच्या संरक्षणाचा नियम ठामपणे मागता येईल.

मुलग्यांचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो दोन टोकांना करावा लागतो. एक मुलगा दापोड्याचा. त्याच्या घरची शेती गोदामाखाली गेली, हाती पैसा आला, अंगमेहनत कमी झाली, दुचाकी लवकर आली आणि दारातून कंटेनरांचा रस्ता जातो. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांत तरुण पुरुषांचा भरणा सर्वांत मोठा. दुसरा मुलगा आझमगडचा, ज्याचा बाप वर्षातले दहा महिने भिवंडीत असतो. बाप जवळ नसताना वाढणे, पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याच्याच जागी रवाना होणे, याचा शरीरावर आणि मनावर काय परिणाम होतो, हे आपल्याला अंदाजाने माहीत आहे, मोजून नाही. शालेय आरोग्य तपासणी अठरा वर्षांपर्यंत आहे, पण ती शाळेत किंवा अंगणवाडीत असलेल्याला जास्त लाभते. मधुमेह-रक्तदाबाची सरकारी तपासणी तिशीपासून पुढे. पंधरा ते तीस हा मधला काळ, ज्यात सवयी जडतात, मुलगा काम धरतो, गाव सोडतो, तो आरोग्यव्यवस्थेच्या नजरेआड जातो. म्हणून अभ्यासात दहाव्या वर्षापासून मुलगे घ्यावेत, आणि शाळांमधून निवडताना शाळा सोडलेल्यांची वेगळी, मोठी तुकडी घ्यावी.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो सर्वांत वजनदार आहे. स्त्रियांच्या आरोग्याकडे इतकी दशके दुर्लक्ष झाले, २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतही १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त निघाल्या आणि पुरुष २५ टक्के, तर आता पैसा पुरुषांकडे का वळवायचा? हा आक्षेप मी मनापासून मानतो आणि स्त्रियांच्या एकाही कार्यक्रमाचा एकही रुपया या अभ्यासाला मिळू नये, असेच माझे मत आहे. पण मातामृत्यूंचा इतिहास पाहावा. २०१८-२० मध्ये भारतातले प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ९७ पर्यंत आणि महाराष्ट्रातले ३३ पर्यंत खाली आले, त्याला प्रत्येक मृत्यू मोजण्याची, त्याचे कारण विचारण्याची शिस्तही कारणीभूत आहे. तीच शिस्त पुरुषांबाबत लावणे म्हणजे स्त्रियांचे काही हिरावणे नव्हे. शिवाय क्षय घेऊन गावी परतलेल्या माणसाची शुश्रूषा करणारी, त्याचे कर्ज फेडणारी आणि त्याच्यामागे घर चालवणारी बाई या आकड्यांत आधीपासून आहेच. म्हणून आराखड्यात सहभागी पुरुषाच्या घरातल्या स्त्रीची संमतीने स्वतंत्र मुलाखत असावी, असा माझा आग्रह आहे.

दुसरे म्हणणे असे की, आता प्रत्येकाचे आरोग्य खाते संगणकावर येत आहे, नोंदी आपोआप जमतील. त्या नोंदी दवाखान्यात पोचणाऱ्यांच्या असतील. क्षयरोग पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक कोणत्याही दवाखान्यात गेलेले नव्हते. न जाणाऱ्यालाच शोधायचे आहे. तिसरे म्हणणे, पंचेचाळीस वर्षांवरच्या लोकांचा दीर्घकालीन अभ्यास मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने सुरू केलेला आहेच. आहे, आणि तो उत्तम आहे. पण हमाल, कारागीर, चालक यांच्या शरीराचे जे नुकसान व्हायचे ते पंचेचाळिशीच्या आत होऊन गेलेले असते.

फिरती माणसे सापडणारच नाहीत, हे म्हणणे तर खोडून काढायला फार लांब जावे लागत नाही. एचआयव्हीच्या देखरेखीसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना एकट्या स्थलांतरित पुरुषांना आणि लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांना वर्षानुवर्षे शोधत आली आहे. त्यांचे नाके, मुक्काम, वस्त्या सगळे नकाशावर आणलेले आहे. म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचता येते. ते दुसऱ्याला काय देतील याची चिंता होती, म्हणून आपण पोचलो. त्यांना स्वतःला काय होते, यासाठीही पोचले पाहिजे.

राहिला खर्च आणि वेळ. वीस वर्षांनी उत्तर मिळणार असेल तर गरीब देशाने थांबावे का? ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी १९५१ मध्ये डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाविषयी पत्रे पाठवली. तो अभ्यास पन्नास वर्षे चालला, पण धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या संबंधाचा त्याचा पहिला अहवाल १९५४ मध्येच आला. दीर्घ अभ्यास शेवटीच बोलतो असे नाही, तो प्रत्येक फेरीत बोलतो. पहिल्या फेरीतच आपल्याला कळेल की मागावरच्या किती जणांचे कान गेले आहेत. दुसऱ्या फेरीत कळेल की कोण गावी परतले आणि का, आणि स्थलांतरितांच्या बाबतीत हाच आकडा आजवर कोणाकडे नाही.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. ही माहिती शेठ, मुकादम किंवा ठेकेदाराच्या हाती कधीही, कोणत्याही स्वरूपात जाता कामा नये. छाती बिघडल्याची नोंद मालकाला कळली की माणसाचे काम जाते, आणि मग पुढच्या फेरीत कोणी तोंड उघडणार नाही. कारखान्यात शिरायला मालकाची परवानगी लागेल, पण संमती फक्त कामगाराची, आणि ती त्याच्या भाषेत, मुकादम समोर नसताना. तपासणीत आजार सापडला तर उपचार सुरू करून देणे ही अभ्यासाची जबाबदारी राहील. त्यामुळे निष्कर्ष थोडे बदलतात, अशी तक्रार काही संशोधक करतात. बदलू देत. क्षयाच्या रुग्णाची सरकारी नोंद एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते. भिवंडीत सुरू झालेले औषध आझमगडात चालू राहील एवढी दोन्हीकडची साखळी अभ्यासाने जोडून दिली, तरी पहिल्याच वर्षी त्याने काही जीव वाचवलेले असतील.

या पुस्तिकेतला पुढचा आराखडा वरच्या म्हणण्याला धरून केला आहे आणि तो अजून कच्चा आहे. देशभर जाण्याआधी भिवंडी तालुका आणि एक मूळ जिल्हा अशा दोन टोकांवर दोन वर्षे तो करून पाहावा, अशी सूचना आहे. येत्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. राष्ट्रीय नमुना त्या गणनेवर उभा राहायचा असेल तर ही चाचणी आधी हाती घ्यावी लागेल. कामगार संघटना, माथाडी मंडळे, प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर, आशाताई, बिशी चालवणारे आणि स्वतः कारागीर यांनी ही पाने वाचावीत. कामाविषयीच्या प्रश्नांचे प्रकरण त्यांनी आधी वाचावे आणि जिथे आमचे प्रश्न त्यांच्या दिवसाशी जुळत नाहीत तिथे लाल रेघ मारून आम्हाला कळवावे.